मीटर कोणाच्या नांवें?

परदेशीं पुष्कळ वर्षें काढून घरीं परतणाऱ्या माणसाच्या मनांत स्वदेशाविषयीं जें प्रेम असतें त्याची पारख सभा-समारंभांत होत नाहीं. ती कचेरीच्या खिडकीपुढें होते. तेथें आपण कोण, कोठले, कोणाचे आणि किती दिवसांचे, या चारी प्रश्नांचीं उत्तरें कागदानिशीं द्यावीं लागतात. आणि ज्यानें पोटासाठीं तीस वर्षें समुद्रापलीकडे घालविलीं त्याच्यापाशीं बहुधा प्रत्येक प्रश्नास दोन दोन उत्तरें असतात. आमची गोष्ट याहून निराळी नव्हती. विशेष इतकाच कीं, आम्हांस हवी होती ती वीज, आणि घर होतें तें मुळशींत.

मुळशी आणि वीज हे दोन शब्द एकत्र उच्चारले म्हणजे ज्यास थोडाबहुत इतिहास ठाऊक आहे त्यास क्षणभर थबकावें लागतें. मुळा नदी सह्याद्रींत उगम पावून पूर्वेस पुण्याकडे वाहते, आणि तिचें पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास जातें. १९१९ सालीं स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीनें हें पाणी मुळशीस अडवून, डोंगरांतून पश्चिमेस वळवून, कोंकणांत भिरा येथें सुमारें ५०० मीटर खालीं सोडण्याचें योजिलें. त्या उडींतून निघणारी वीज मुंबईच्या गिरण्यांस हवी होती. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें; आणि ज्या खोऱ्याचें तें पाणी त्या खोऱ्यांतील घरें, देवळें व आंबेमोहोराचीं खाचरें तळ्याखालीं गेलीं.

हें निमूटपणें झालें नाहीं. १९२१ सालच्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस लोक ‘सेनापती’ म्हणूं लागले ते याच लढ्यामुळें. सुमारें तीन वर्षांनीं तो ओसरला. त्याचीं कारणें अनेक. पण त्यांतील एक मोठें कारण दप्तरांत दडलेलें होतें. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नांवें चढली होती. मावळा ती कुळ म्हणून कसत होता. १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यास दप्तरांतलें नांव दिसे. नांगर धरणारा हात त्यास दिसत नसे. मोबदल्याचा प्रश्न निघाला तेव्हां ज्याचें नांव होतें त्यास तडजोड परवडली. ज्याचा केवळ घाम होता त्यास परवडण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें.

आमचे आजोबा या घामवाल्यांपैकीं. पाणी चढूं लागलें तसे ते वरच्या सोंडेवर आले, आणि तेथें दगडमातीचें घर बांधून राहिले. वडील मुंबईस गिरणींत लागले. म्हणजे ज्या विजेनें आमचें खाचर बुडविलें तिच्याच मागावर आम्ही वाढलों! लहानपणीं सुटींत मुळशीस गेलों कीं, दिवेलागणीस आजी कंदिलाची कांच पुसतां पुसतां म्हणे, “तुमच्या मुंबईचे दिवे आमच्या खाचरांत उगवतात रे बाळांनो, इथं आपलं रॉकेलच बरं.” तिच्या बोलण्यांत राग नसे. राग संपून जें उरतें तें असे.

पुढें वाडीवर खांब आले, वडिलांनीं जोडणी घेतली. ते वारल्यावर घर अनेक वर्षें बंद राहिलें आणि जोडणी तुटली. आम्ही उभयतां इंग्लंडहून परत आलों ते वर्षांतून चार महिने तरी या घरीं काढावे, या इच्छेनें. आमचें पारपत्र ब्रिटिश; हातीं भारत सरकारनें दिलेलें ओ. सी. आय. कार्ड. अशा माणसास येथें शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारसानें आलेली मात्र ठेवतां येते. तेवढ्या आधारावर आम्ही अर्ज घेऊन एका कचेरींत उभे राहिलों. तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. खिडकींतला तरुण मोठा विनयशील होता.

“काका, हें कार्ड चालेल कीं नाहीं तें विचारावं लागेल. आधार नाहीं का?”

“नाहीं.”

“मतदार यादींत नांव?”

“तेंही नाहीं.”

“मग तुम्ही इथले कसे हो?”

त्यानें हें कुतूहलानेंच विचारलें. आम्हीं वारसाची नोंद झालेला सातबारा व ग्रामपंचायतीचा घराचा उतारा पुढें केला. परंतु तो प्रश्न त्या कागदांनीं पुरता झांकला गेला नाहीं.

बाहेर आमचा पुतण्या मोटारसायकलीपाशीं उभा होता. तो म्हणाला, “काका, माझ्या नांवावर घ्या. माझं आधार आहे, रहिवास आहे. तुम्ही फक्त ना-हरकत लिहून द्या.” उपाय सोपा होता, पण आमच्या मनास तो एकदम रुचेना. ज्या घराण्यानें, आपलें नांव कागदावर नसण्याची किंमत एक सबंध खोरें देऊन चुकविली, त्यानें पुन्हां आपल्या दिव्यावर दुसऱ्याचें नांव घालावें काय? आणि कायदाही आमच्या बाजूस होता. २००३ च्या वीज कायद्याचें ४३ वें कलम असें सांगतें कीं, जागेच्या मालकानें किंवा भोगवटादारानें अर्ज केल्यावर महिन्याच्या आंत वीज द्यावी. नवीन तार ओढावी लागत असेल तर तें काम झाल्यावर. त्यांत पारपत्राचा रंग विचारलेला नाहीं. आठ दिवस धीर धरला असता तर आमचें कार्डही चाललें असतें.

परंतु त्या कलमांतील ‘भोगवटादार’ हा शब्द आमच्या मनांतून जाईना. भोगवटादार म्हणजे जो जागेंत वस्तुतः राहतो तो. वर्षाचे आठ महिने त्या घरांत राहणार पुतण्या. पावसाळ्यांत कौलें तो परतणार, सोंडेवरचें भात तो लावणार, वादळांत तार तुटली तर वायरमनला हांक तो मारणार. आणि आम्ही मात्र दूर देशांतून उताऱ्यावर नांव राखून असणार! १९२१ सालीं मुळशींत असें नांव राखणारे कोण होते, तें वर सांगितलेंच आहे. आजोबांचा कैवार घ्यावयाचा तर तो आपल्या आडनांवाचा नव्हे, त्यांच्या जागीं आज जो उभा आहे त्याचा घ्यावयास हवा. १९४८ च्या कुळकायद्यानें कसणाऱ्यास कांहीं हक्क दिले, तोंवर आमचें खोरें पाण्याखालीं जाऊन वीस वर्षें लोटलीं होतीं. आम्हांस तरी उशीर करण्याचें कारण नव्हतें.

आम्हीं ना-हरकत लिहून दिली. परवानाधारक ठेकेदारानें घरांतील तारा तपासून दाखला देतांना विचारलें, “भार किती लिहूं? पलीकडच्या बंगलेवाल्यांनीं दहा किलोवॅट मागितलाय.” वाडीचा ट्रान्सफॉर्मर लहान; संध्याकाळीं पिठाची गिरणी चालू झाली कीं घरोघरचे दिवे लाल होतात. आम्हीं दोन किलोवॅट सांगितले. दिवे, पंखा, एक लहानसा शीतकपाट एवढ्यास तें पुरतें. स्नानाचें पाणी चुलीवर तापतें. या खोऱ्यावर परगांवच्या गरजेचा भार एकदां पडून गेला आहे. त्यांत आमची भर नको, असें सौभाग्यवतींनीं सांगितलें, आणि तें आम्हांस तत्काळ पटलें.

मीटर लागला. त्यावर पुतण्याचें नांव आहे. बिल आम्ही भरतों. आमच्या घरचा दिवा भिऱ्याच्या पाण्यानें लागतो कीं दूरच्या कोणा कोळशानें, हें तारेकडे पाहून सांगतां यावयाचें नाहीं, कारण सगळीकडची वीज एकाच जाळ्यांत मिसळते. तेथें नांवगांव राहत नाहीं. नांव लिहिलें जातें तें माणसांच्या दप्तरांत, आणि तेथें तें कोणाचें लिहावें एवढेंच काय तें आपल्या हातीं असतें.