मजुरीचा रकाना

ऑनलाइन शिकवते असं सांगितलं की आमच्याकडची माणसं जरा कीव करूनच बघतात. "पोरं दिसत नाहीत, काही नाही. भिंतीशी बोलल्यासारखंच की!" असं माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणतात. भिंतीशी नाही, पण काळ्या चौकोनांशी बोलते हे खरं. साठ चौकोन आणि प्रत्येकात नावाचं एकेक अक्षर. कॅमेरे बंद, कारण कुणाचा डेटा संपत आलेला असतो, कुणाच्या मागे भाकऱ्या चाललेल्या असतात, तर कुणी दुकानाच्या गल्ल्यावर बसून तास ऐकत असतं. मानधन तासाला किती मिळतं ते मात्र विचारू नका.

बेळगावातल्या एका कॉलेजात मी अठरा वर्षं फळ्यापुढे उभी राहून मार्केटिंग शिकवलं. आता एका विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीच्या मुलांना संध्याकाळी सातला शिकवते. आमच्या घरी जेवणं दिवस मावळायच्या आत उरकलेली असतात, त्यामुळे ही वेळ मला सोयीची. बाकीच्यांकडे त्याच वेळेला कुकरच्या शिट्ट्या सुरू असतात. पहिल्या आठवड्यात मी "माइक बंद करा" म्हणून ओरडायची, पुढे सोडून दिलं.

कॉलेजात मी निरमाचं उदाहरण रंगवून सांगायची. करसनभाई पटेलांनी 1969 साली अहमदाबादेत घरी पावडर तयार करून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली, ती गोष्ट. मुलं ती वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जशीच्या तशी मला परत करायची. विषय त्यांचा नव्हता, परीक्षेचा होता. आता समोर आहेत ती माणसं मुळात बाजारातच बसलेली. इंदूरचा एकजण घरच्या नमकीनच्या दुकानातून तास ऐकतो, मधेच "मॅडम, एक मिनिट" म्हणून पाव किलो शेव तोलून देतो. त्याला 'ग्राहक' शब्दाची व्याख्या काय सांगायची? तो समोर उभाच असतो.

मार्केटिंगचे चार 'पी' कुणालाही ठाऊक असतात: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी 1960 साली पुस्तकात मांडले, तेव्हापासून जगभर तेच शिकवतात. मुलांना त्यातला शेवटचाच आवडतो, रील कसं करायचं एवढंच विचारतात. मला प्राइस आवडते. चौघांत पैसा घरात आणणारी ती एकटी, बाकीचे तिघे खर्चाचे धनी. वाण्याच्या घरात वाढले, त्यामुळेही असेल.

तर किंमतीच्या धड्याला मी सगळ्यांना एक तक्ता भरायला देते. घरात, शेजारी, गल्लीत जी वस्तू तयार होते तिचा कच्चा माल, मजुरी, वाहतूक, व्यापाऱ्याचा वाटा आणि शेवटी गिऱ्हाईक देतं ती रक्कम. अथणीच्या एका मुलीनं कोल्हापुरी चपलेचा तक्ता पाठवला. तळाचं चामडं, वरचं चामडं, दोरा, रंग, सगळं पैशापैशानं लिहिलेलं. बापाची मजुरीही होती. 'वेणी' असं लिहून पुढे मात्र शून्य.

"वेणी कोण घालतं?"

"आई घालती मॅडम."

"मग तिची मजुरी?"

"आईला कुठं मजुरी असती? ती घरातलीच की."

तिच्या आवाजात खोच नव्हती. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता. मी म्हटलं, उद्या मोबाइलवर वेळ लाव आणि मला सांग. ती म्हणाली, "आत्ताच दाखवू का?" आणि साठ चौकोनांतला एक उजळला.

दोन हात दिसले. चामड्याच्या सुतासारख्या बारीक पट्ट्या, त्यांची वर-खाली, वर-खाली होणारी गुंफण. बाईंचा चेहरा दिसत नव्हता. "यार अवरु?" असं त्यांनी कन्नडात विचारलं. मुलगी म्हणाली, "नम्म टीचर." हात क्षणभर थांबले, पदर सारखा करून पुन्हा चालू झाले. वर्गात कुणी काही बोललं नाही. मग एकेक चौकोन उजळायला लागला, मुलं नीट बघायला पुढं सरकली. फळ्यावर मी हे अठरा वर्षांत कधी दाखवू शकले नसते. त्या बाई कॉलेजच्या पायऱ्या चढून थोड्याच आल्या असत्या?

एका जोडाच्या वेण्यांना पावणेदोन तास लागत होते.

इथं एक सांगायला हवं. आमच्या घरात चामडं उंबऱ्याच्या आत येत नाही. मी स्वतः कापडी चपला वापरते. मुलीनं ते कुठून ओळखलं कोण जाणे, एकदा विचारलंच, "मॅडम, तुमच्यासारख्यांना कसं विकायचं?" मी म्हटलं, "मला विकूच नकोस. आपलं गिऱ्हाईक कोण नाही हे ज्याला कळलं त्याचे निम्मे पैसे वाचले." तिच्या आईच्या पावणेदोन तासांचा हिशोब मांडायला मला चप्पल पायात घालायची गरज नव्हती.

पुढचे दोन तास वर्गानं दुसरं काही शिकूच दिलं नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकत्र धरले. त्यात कोल्हापूर आहे तसं आमचं बेळगावही आहे. सीमाभागात एवढ्या एका गोष्टीवर भांडण नाही म्हणायचं! 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने याच घाटाच्या चपला दाखवल्या. कोल्हापुरीचं नाव आधी घेतलं नाही, इकडे ओरड झाल्यावर घेतलं. मुलं चिडली होती. अथणीची मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "त्यांनी नाव नाही लिवलं मॅडम, पन आमीबी आईचं कुठं लिवलंतं?"

ती तक्ता घेऊन व्यापाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, परवडत नसेल तर पलीकडच्या गल्लीतून घेतो. बरोबर आहे, पर्याय असलेल्या माणसाशी नुसत्या तक्त्यानं घासाघीस होत नाही, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. मग तिनं पलीकडच्या गल्लीतल्याच चार बायांच्या घरी जाऊन वेळ लावली. पाचही तक्ते सारखेच आले. पुढच्या खेपेला पाचजणी मिळून गेल्या. साध्या जोडाचा दर व्यापाऱ्यानं वाढवला नाही. बारीक वेणीच्या जोडाचा वाढवला, मागितला होता त्याच्या निम्म्यानं.

हे मला रात्री अकराला व्हॉट्सॲपवर कळलं. खाली आणखी एक ओळ होती: "आई इचारतीय, बारीक वेणी आणि साधी वेणी, दोनीचा रकाना वेगळा करू का?"

मी लिहिलं, कर.