निमो नको, बांगडा काढ!

डायव्ह सेंटरची भिंत रंगवायला काय लागतं? भरपूर निळा रंग, मोठा ब्रश आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा निमो! रत्नागिरीजवळच्या एका छोट्या सेंटरच्या दादाचं तरी हेच म्हणणं होतं. काम माझ्या आर्टिस्ट मैत्रिणीचं. मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या मते कायम मोकळीच! त्यामुळे बेस कोट मारायला फुकटात हजर.

पण निमोवर आमचं घोडं अडलं. २००३ च्या सिनेमातला हा हीरो ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरचा. आणि लोक पाण्यात उतरणार कोकणात, आपल्या हिरवट, जराशा गढूळ समुद्रात. मग भिंतीवर ऑस्ट्रेलिया कशाला?

"लोकांना तेच आवडतं गं," दादा म्हणाला.

"दादा, अर्धी भिंत तरी आम्हाला दे!"

मिळाली. आणि मग खरी मजा आली. मी अस्सल रत्नागिरीकर. बांगडा माझ्या चांगल्याच ओळखीचा, पण तिखल्यातला नाहीतर तव्यावरचा. पाण्यातला बांगडा रंगवताना कळलं, की तो थव्यानं, तोंडाचा आ करून पोहतो आणि पाण्यातलं प्लवंग गाळून खातो. पाठ निळसर-हिरवी, म्हणून वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. पोट चंदेरी, म्हणून खालून पाहणाऱ्याला उजेडात हरवतं. लपाछपीची सॉलिड आयडिया!

शेजारी पापलेट. २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. कौतुक म्हणून नव्हे फक्त, ते कमी होत चाललंय म्हणूनही.

सगळ्यात मोठी जागा ऑलिव्ह रिडले कासविणीला. आपल्याच जिल्ह्यात वेळासला, गुहागरला ती अंडी घालायला येते. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक कासवीण जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात! घरात अशी हिरॉइन असताना निमोच्या डेट्स कोण घेतंय?

चौथ्या दिवशी, बाजूला जाळं शिवत बसलेले एक मामा उठून आले. भिंत नीट न्याहाळली.

"अगो, बांगडा ओळखला हां. पण पुढच्या पोरांना तो भिंतीवरच दाखवायला लागेल बघ."

ते हसत म्हणाले. आम्हाला काही हसू आलं नाही.

दादानं मग उरलेली भिंतही देऊन टाकली. निमो आहे, कोपऱ्यात, पाहुणा म्हणून. डायव्हला आलात तर आधी भिंतीवरच्या यजमानांना भेटा. आणि बाजारात तळहाताएवढं पापलेट कितीही स्वस्त मिळालं, तरी पिशवी पुढे करू नका. त्याला अजून मोठं व्हायचंय.