हाताचे वळण

कचेरीत वर्षानुवर्षे कारकुनी केली की सही न पाहताही रजिस्टरातली नोंद कोणाच्या हातची ते ओळखता येते. कार्टून फिल्म काढणाऱ्या कलावंताचेही तसेच आहे. पात्र कसे वाकते, कसे चालते यावरून हात कळतो. हे वळण येते कोठून?

१९५७ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने ‘द बनियन डीअर’ हा कार्टूनपट केला. कथा आपल्या ओळखीची, निग्रोधमृग जातकाची. गाभण हरिणीच्या जागी स्वतःची मान पुढे करणारा मृगराज. तेथे शिकवायला डिस्ने स्टुडिओतले क्लेअर वीक्स आले होते. त्यांनी अमेरिकेत ‘बॅम्बी’ या १९४२ च्या हरणाच्या चित्रपटावर काम केले होते.

त्या ‘बॅम्बी’तले धुकट रान ज्याच्या चित्रांवरून ठरले, तो टायरस वाँग हा चिनी तरुण. चिन्यांना मज्जाव करणारा कायदा अमेरिकेत असताना, १९२० साली तो दहा वर्षांचा पोर बापाबरोबर तेथे पोचला आणि बेटावरच्या छावणीत अडकवला गेला. घरी शाई-कागदाला पैसे नव्हते. बाप त्याच्याकडून जुन्या वर्तमानपत्रावर पाण्याने कुंचला गिरवून घेई. पुढे डिस्नेत त्याला काम मिळाले ते हलके, दुसऱ्याच्या दोन चित्रांमधली चित्रे भरण्याचे. पण पान न् पान रेखाटण्याऐवजी त्याने मोजक्या फटकाऱ्यांत रान उभे केले. मला वाटते, ते वळण बापाने लावलेले होते. गरिबीने त्याचा हात अडवला नाही, घडवला.

आपण पहूरकर तर अजिंठ्याच्या वाटेवर राहतो. लेणे क्रमांक १ मधल्या एका खांबावर चार हरणे आहेत आणि चौघांत मिळून डोके एकच! कोणत्याही हरणाकडे पाहा, ते डोके त्याचेच वाटते. लेणे १७ मध्ये एकच विश्वंतर राजपुत्र भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, कधी रथात, कधी वनात. चित्र पुढे सरकवण्याची ही रीत आपल्या बौद्ध वारशातली आहे.

गेल्या भीमजयंतीला विहारात चित्रस्पर्धा झाली. बहुतेक मुलांनी मोबाइलमधली परदेशी कार्टूने हुबेहूब उतरवली. एका मुलीने मात्र वहीच्या पानापानाच्या कोपऱ्यावर कापूस वेचणारी आई काढली होती. पाने भराभर सोडली की आई वाके, बोंड खुडे, ओटीत टाके आणि कंबर धरून उभी राही. तसे उभे राहणे घरात पाहिल्याशिवाय काढता येत नाही. आम्ही तिला पहिला नंबर दिला.

तिचे वडील हमाली करतात. ते म्हणाले, “भाऊ, याने पोट भरते का?”

प्रश्न खरा आहे. मी खोटा भरवसा दिला नाही. एवढेच सांगितले की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षांना तिला बसवा. दहावीला वाढीव गुण मिळतात, पुढे कला महाविद्यालयाची वाट मोकळी राहते. बाबासाहेबांनी शिका म्हटले, त्यात चित्र शिकणे वर्ज्य नाही. आपली कष्टकरी माणसे पडद्यावर आपल्या चालीने चालायची असतील, तर ती काढणारा हातही आपल्या घरातून यायला हवा.

पालकांनी एखाद्या रविवारी मुलांना वही-पेन्सिल देऊन लेण्यांवर न्यावे. सोमवारी लेणी बंद असतात.

जयभीम!