खायचा नाही, तर धरायचा कशाला?

ट्राउट महाराष्ट्रात मिळत नाही. त्यासाठी काश्मीर, हिमाचल नाहीतर निलगिरी गाठावी लागते. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास त्याची अंडी बोटीनं काश्मीरला आणवली, पुढे निलगिरीच्या ओढ्यांतही हा मासा वाढवला. त्याला थंड, खळाळतं पाणी लागतं. आपल्या मावळातला मे महिना त्याला सोसायचा नाही. पण ट्राउटच्या मागे फिरणाऱ्यांनी मासेमारीची जी रीत घडवली, म्हणजे हलकी काठी, बारीक दोरा आणि धरलेला मासा परत पाण्यात, ती इथेही चालते. मळवली स्टेशनजवळच्या पुलाखाली इंद्रायणीत आणि भाज्याच्या ओढ्याच्या तोंडाशी मी गेली काही वर्षं ती पाळतोय. पावसाळ्यात लोक लेणी आणि धबधबा बघायला झुंबड करतात. लेण्यांवरून, शेतांमधून येणारं तेच पाणी पुढे नदीला मिळतं, तिकडे फारसं कुणी वळत नाही. माझ्या ते पथ्यावर पडतं.

घरात मात्र ही रीत कुणालाच पटलेली नाही. आमच्या नानीचा सवाल साधा आहे: "खाना नै तो पकड्या कायकू?"

हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाण्यातली शिकार आपल्याला हलाल आहे, सूरह माइदामध्ये ते स्पष्ट आलं आहे. पण ती परवानगी अन्नासाठी आहे. आणि जिवंत प्राण्याला नेमबाजीचं लक्ष्य करू नका, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ती पक्ष्यांना खुंटीला बांधून बाण मारणाऱ्यांबद्दल होती, माशांबद्दल नव्हती, असं म्हणून सुटका करून घेता येते. मला ती सुटका खरी वाटत नाही. जीव आहे, आणि माझ्या करमणुकीसाठी त्याच्या तोंडात लोखंड रुतवायचं, ही गोष्ट तीच राहते.

गंमत म्हणजे नानीच्या बाजूला स्वित्झर्लंडचं सरकार आहे. तिथल्या 2008 च्या प्राणीसंरक्षण नियमांनुसार सोडून द्यायच्याच इराद्यानं मासा धरणं बेकायदा ठरलं. धरलात तर मारा आणि खा, नाहीतर धरू नका. त्याआधी 2003 मध्ये लिन स्नेडन या संशोधिकेनं ट्राउटच्याच ओठांवर प्रयोग करून दाखवलं होतं की इजा ओळखणारे मज्जातंतू माशाच्या तोंडाभोवती असतात आणि दंश झाल्यावर त्याचं वागणं बदलतं. माशाला काही कळत नाही, हे गळवाल्यांचं जुनं समाधान त्यानंतर फार टिकत नाही.

मग मी का जातो? त्याआधी कसं जातो ते सांगतो, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे.

गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो, तो पक्कडीनं दाबून सपाट करायचा. मग मासा कधीकधी निसटतो, पण लागलेला गळ क्षणात सुटतो आणि ओठ फाटत नाही. हात आधी नदीत बुडवायचे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची खरी कातडी समजा, कोरड्या हातानं किंवा तापलेल्या खडकावर टेकवल्यानं तो निघतो आणि मग बुरशी धरते. कल्ल्यांत बोट घालायचं नाही. ओठाला धरून उभा लटकवायचा तर अजिबात नाही, त्याच्या आतड्यांचा भार पेलायला पाणी असतं, हवा नव्हे. शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढायचा, पोटाखाली हात धरून तोंड प्रवाहाकडे करायचं आणि तो स्वतः शेपूट मारून जाईपर्यंत थांबायचं. फोटो काढायचाच तर आपण श्वास रोखून धरायचा. आपला जीव कासावीस होण्याआधी मासा पाण्यात गेला पाहिजे.

आणि हलक्या काठीबद्दल एक गैरसमज आहे. बारीक दोरा म्हणजे दयाळू मासेमारी, असं शहरातून येणारे नवशिके मानतात. उलट आहे. दोरा फारच बारीक असला तर मासा ओढता येत नाही, पंधरा पंधरा मिनिटं खेळवावा लागतो, आणि इतका दमलेला मासा सोडल्यावर पोहत जातो खरा, पण पुढे कुठंतरी उलटा होतो. मासा लवकर आणता येईल इतपत जाड दोरा हवा. हौस काठीच्या वाकण्याची, किंमत माशाच्या दमाची, हा सौदा मला मंजूर नाही.

उन्हाळ्यात मी काठी गुंडाळून ठेवतो. 10 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर साडेसातच. त्यात आपल्या डोहांत सांडपाणी. अशा पाण्यात दमवलेला मासा सोडणं म्हणजे दाखवायला सोडणं.

माझ्या गळाला लागतात ती खवली, शिंगटी आणि ढिगानं चिलापी. चिलापी मी सोडत नाही. ती आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणलेली, आणि इथल्या माशांच्या जागा बळकावून बसलेली. तिला पिशवीत तडफडत ठेवत मात्र नाही, डोक्यावर एकच नेमका फटका. जबह करताना सुरी धारदार ठेवा, जनावराला त्रास कमी द्या, ही शिकवण माशाच्या बाबतीत लागू नाही असं कोण म्हणतं? नानी चिलापी हळद-मीठ-मिरची लावून तळते आणि तेवढ्यापुरती माझ्यावर खूश असते.

आता महसीर. आपल्याकडचा नदीचा राजा तो, मावळात कुणी खडशी म्हणतं, कुणी मासोळ. कर्नल साइक्सनं 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं. भाज्यात मला तो आजवर लागलेला नाही. पण इथून थोड्या अंतरावर, लोणावळ्यात वळवणला, टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून राज्याराज्यांत पाठवली. त्यातली काही कावेरीत गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. लोणावळ्याचा महसीर तिथे फोफावला आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

हे कळलं कसं? कावेरीवर गलीबोरे नावाच्या तळावर लोक मासे धरून सोडत आणि प्रत्येक माशाची नोंद वहीत करत. 1998 ते 2012 या काळातल्या त्या वह्या अभ्यासकांनी 2015 मध्ये तपासल्या, तेव्हा एक जात वाढताना आणि दुसरी संपताना आकड्यांत दिसली. खाण्यासाठी मारलेल्या माशांची अशी वही कुणी ठेवत नाही. नानीच्या सवालावर मला सापडलेलं हे एकच उत्तर. तेही पुरतं नाही, कारण माझी वही मी शास्त्रासाठी ठेवतो असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मला नदीकाठी बसायला आवडतं, हेही त्यात आहे. पण तारीख, जागा, जात, लांबी एवढं लिहितो. निव्वळ फोटोसाठी मासा धरणाऱ्यांचं समर्थन मात्र माझ्याच्यानं होत नाही.

आणि खरं नुकसान गळानं होतही नाही. 1897 च्या कायद्यानं स्फोटकं आणि विष घालून मासे मारायला बंदी आहे, तरी डोहात ब्लीचिंग पावडर पडते. खाली आळंदीला नदीवर पांढरा फेस तरंगतो, तो वारीच्या बातम्यांत सगळ्यांनी पाहिलाय. आणि जूनमध्ये पहिल्या पावसाला चढणीचे मासे निघतात. पोटात गाभोळी घेऊन नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात. ते धरायला सगळं गाव टॉर्च घेऊन उतरतं. एक रात्र मजा होते, पण पुढच्या वर्षीचे मासेही त्याच रात्री कढईत जातात.

भाज्याच्या ओढ्यावर एक कातकरी मामा जाळं लावतात. मी त्यांना बोलायचं धाडस करत नाही, त्यांचं पोट त्यावर आणि माझी हौस. गेल्या जूनमध्ये तेच म्हणाले, "भाई, आमचा बा गाभोळीवाली वर जाऊ द्यायचा. उतरतीला धरायचा. आता वर गेली तरी खाचरं कुठायत? समदे बंगले झाले." मग जाळं उचलून त्यांनी मला दाखवलं. त्यात तीन चिलाप्या होत्या आणि एक वेफर्सची पिशवी.