अंगावर उठलेलं

आमच्याकडं अंगावर पित्त उठलं की म्हणतात, गांधी उठल्या. गांधीलमाशी डसल्यागत लाल, फुगीर चकत्या. कधीमधी कुणालाही उठतात. आमसुलाचं पाणी चोळायचं, गेरू लावायचा, घोंगडीवर पडून राहायचं आणि सकाळी कामाला लागायचं. माझ्या मायला उठायच्या, लहानपणी मी बघितलंय. मला उठल्या त्या मात्र चौदा महिने हटल्या नाहीत.

2014 च्या मार्चात गारपिटीनं हाताशी आलेला गहू-हरभरा झोपवला. त्या साली पाऊस धड झाला नाही, पुढच्या सालीही नाही. 2015 च्या पोळ्याला सोयाबीन उभ्यानं वाळत होतं, तेव्हा पहिल्यांदा मांडीला खाज सुटली. मग रोजच. दिवस मावळला की सुरू. आधी कमरेला, जिथं करदोडा आवळतो तिथं, मग पाठीला, मग तळपायाला. तळपायाची खाज ज्याला कधी सुटली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. बाजेच्या सुंभावर पाय घासत मी रात्र काढायचो. एका रात्री वरचा ओठ एवढा सुजला की नातू मला बघून रडायला लागला.

आणि गंमत अशी, की सकाळी काहीच नाही. डॉक्टरला दाखवायला जावं तर कातडी तान्ह्या लेकरासारखी साफ. गावातला डॉक्टर म्हणायचा, "कुठंय पित्त?" सुई टोचायचा, तीन दिवस बरं वाटायचं, चौथ्या दिवशी परत तेच.

लोकांनी पथ्यं सांगितली. वांगं बंद, तुरीचं वरण बंद, शेंगदाणे, दही, लोणचं बंद. शेवटी दूध-भाकरीवर आलो. जो भेटेल तो अंगाकडं बघून इलाज सांगायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस जरा सरकून बसायचा, त्याला वाटायचं लागण होईल. त्यामुळं पंगती सोडल्या, मग पारावर बसणं सोडलं. मळ्यातल्या कोरड्या विहिरीच्या कडेला एकटाच बसून राहायचो. सोसायटीचं कर्ज होतं, लेकीचं लग्न ठरायचं होतं. अंगावरचं सगळ्यांना दिसायचं, म्हणून सगळे तेच विचारायचे. मीही तेवढंच सांगायचो.

एक दिवस फवारणीचं औषध ठेवायच्या पेटीला कुलूप दिसलं. किल्ली मंडळींच्या कमरेला. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायला लागलं. त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं लातूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. पोरानं रात्रीच माझ्या पाठीचे फोटो मोबाइलवर काढून दिले होते. कातड्याची डॉक्टरीण पोरीच्या वयाची. फोटो बघून म्हणाली, "बाबा, हे सहा आठवड्यांच्या वर चाललंय, म्हणजे जुनाट झालं. बहुतेकांचं कारण सापडत नाही. खाण्याचा संबंध क्वचितच असतो. तुम्ही वरण खा." मला त्या वरणाचाच जास्त आनंद झाला. कातडीतल्या पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात, त्यानं ही सूज येते, असं तिनं समजावलं. गोळी खाज सुटल्यावर घ्यायची नाही, रोज घ्यायची. ओठाबरोबर जीभ सुजली किंवा श्वास कोंडला तर रात्र न बघता दवाखाना गाठायचा.

मग तिनं विचारलं, "झोप लागते का?" म्हणलं, खाजेनं लागत नाही. "खाज नसते तेव्हा?" मी गप्प. "जगण्याचा कंटाळा येतो का, बाबा?"

मी खाली बघत राहिलो. शेजारून मंडळी म्हणाली, "येतो." आणि कुलपाचं सगळं सांगितलं.

मला वाटलं, डॉक्टरीण आता म्हणेल टेन्शन घेऊ नका. तोवर पन्नास जणांनी ते सांगून झालं होतं. जसं काही मी बाजारातून विकत आणत होतो. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "चिंतेनंच हे झालं असं नाही. पण चिंतेनं, जागरणानं ते भडकतं. खाजेनं झोप जाते, झोप गेली की मन खचतं. दोन्हीला औषध लागेल." तिनं चिठ्ठी दिली मनाच्या डॉक्टरची. म्हणजे आमच्या भाषेत वेड्याच्या डॉक्टरची. मी दारातनंच माघारी वळलो होतो. मंडळी म्हणाली, "तालुक्याला मोटारीच्या इंजनाला दोन मिस्त्री लागतात, तुम्हाला एकच पुरंल व्हय?"

आत त्या डॉक्टरनं खाजेचं काही विचारलंच नाही. कर्ज किती, विहीर कधी आटली, लेकीचं कुठं ठरतंय, रात्री काय विचार येतात, हे विचारलं. दीड वर्षात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी बोललो आणि रडलोही. काही महिने त्याच्याही गोळ्या खाल्ल्या. गावात मात्र सांगितलं, पित्ताचं औषध चालू आहे. ते काही खोटं नव्हतं.

त्या सप्टेंबरात पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर गांधी उठायच्या थांबल्या. गोळीनं, पावसानं की बोलण्यानं, ते मला सांगता यायचं नाही. कर्ज तर तेव्हाही तेवढंच होतं.

अजून कधी सोयाबीनचा भाव पडला की कमरेला चार-दोन उठतात. तेव्हा मंडळी अंगाकडं बघत नाही, "झोपला का रात्री?" एवढंच विचारते. फवारणीच्या दिवशी मी किल्ली मागून घेतो. संध्याकाळी बाटल्या परत ठेवल्या की ती मोजते, मग कुलूप लावते.