खारं पाणी आणि द्राक्षं

मागच्या जानेवारीत भाचीकडे नाशिकला गेलो होतो. जावईबापू म्हणाले, "मामा, चला, वाईनरी दाखवतो." आमचं अख्खं घराणं दर्यापूरचं, माळकरी. म्हटलं, नुसतं बघायला काय हरकत आहे?

तिथल्या मुलाने छान समजावलं. जर्मनीत मोझेल नदीकाठी थंडी फार, म्हणून वेली उभ्या उतारावर लावतात. तिथला पाटीचा दगड दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. थंडीत द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो, तोच वाईनमध्ये उतरतो. नाशिकला उलटी गंमत! आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलमध्ये एक छाटणी, पावसाळा सरता सरता दुसरी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे घड पिकतात ते ऐन थंडीत. सहाशे मीटरच्या आसपासची उंची, गार रात्री आणि निचऱ्याची जमीन यावर सगळा खेळ. 1999 मध्ये सुला सुरू झाली ती याच जोरावर.

मी ऐकत होतो, पण डोळ्यांसमोर आमचं परसदार होतं...

मी आठवीत असताना बाबांनी कुठूनशी द्राक्षाची काडी आणली होती. विहिरीजवळ मांडव घातला. रोज बादलीने पाणी. वेल वर चढला, पण पानांच्या कडा करपायच्या. दोन वर्षांत वाळून गेला. मी फटकन बोललो होतो, "तुम्हाला नाहीच जमलं." बाबा काही बोलले नाहीत.

आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट. मुळाशी मीठ साचलं की माती ओली असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. त्यात काळी माती, पावसात चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. पण हीच माती पावसाचा ओलावा धरून ठेवते, आणि त्यावर विहिरीच्या पाण्याशिवाय हरभरा येतो. जिथलं तिथं, दुसरं काय!

रात्री आईला फोन केला. म्हटलं, "आई, बाबांचं चुकलं नव्हतं गं. पाणीच खारं होतं."

आई म्हणाली, "त्याइले ठाऊक होतं रे. तुले द्राक्षं आवडत, म्हणून पाणी टाकत राह्यले."

पुढे काय बोलायचं, सुचलंच नाही.