बॉयलर रूमची भाषा

आमच्या गल्लीत माझ्या आजोबांना सगळे 'बोट आज्जा' म्हणायचे. बेळगावात फौजी म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्री. गल्लीतले बाकीचे पेन्शनर सगळे तिथलेच, आणि त्यांच्यात हे एकटे नेव्हीवाले. घाट उतरल्याशिवाय जिथं समुद्र दिसत नाही, त्या गावात नेव्हीवाला म्हणजे चेष्टेचाच विषय. "काय पाण्यातले फौजी!" असं कुणी म्हटलं की सगळ्यांत मोठ्यानं आज्जाच हसायचे.

ते मोठ्यानं हसायचे, मोठ्यानं बोलायचे आणि सगळ्यांशी बोलायचे. खानापूरच्या बसमध्ये बसलो, की शेजारच्या माणसाचं गाव, त्याच्या पोरांची लग्नं, त्याचं गुडघ्याचं दुखणं, सगळं खानापूर यायच्या आत आज्जांना पाठ. निम्मी बस मागं वळून बघायची. मला लाज वाटायची. मी इअरफोन घालून खिडकीकडं तोंड करायची.

एकदा चिडून विचारलं, "आज्जा, तुम्हाला गप्प बसायला येत नाही काय हो?"

"बसलोय की पोरी," ते म्हणाले, "पंधरा वर्षं गप्पच बसलोय."

मग पहिल्यांदा मी त्यांचं नीट ऐकून घेतलं. 1963 साली, सतराव्या वर्षी ते भरती झाले. इंजिनाचं शिक्षण लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. "समुद्र बघायला गेलो आणि डोंगर बघत बसलो," हा त्यांचा ठरलेला विनोद. नंतर ते विक्रांतवर स्टोकर झाले. विक्रांत वाफेवर चालायची. खाली बॉयलर रूममध्ये उकाडा तर होताच, पण आवाज एवढा की शेजारचा बेंबीच्या देठापासून ओरडला तरी ऐकू यायचं नाही. त्यांचा डावा कान तिथंच गेला. चार तासांची वॉच असायची आणि तेवढा वेळ सगळा कारभार हातवाऱ्यांवर. वर आलं, की भेटेल त्याच्याशी बोलायचं. "खाली साठलेलं वर येऊन रिकामं करायचं," असं ते म्हणायचे.

1971 च्या युद्धात विक्रांतच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले, हे आपण वाचलेलं असतं. आज्जांची गोष्ट खालची. एका बॉयलरला तडे गेले होते, जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता, आणि विमान उडायला तर वेग हवा. "वर विमान उडालं काय आणि नाही काय, आम्हाला कुठलं दिसायला? आम्ही आपले वाफेच्या काट्याकडं बघत उभे."

बाबांचा जन्म 1972 चा. वर्षातनं एकदा रजेवर येणारा माणूस म्हणजे वडील, एवढीच त्यांची ओळख. 1978 ला आज्जा कायमचे परत आले, तेव्हा बाबांनी आत जाऊन आज्जीला सांगितलं, "कोण तरी पाहुणे आलेत." ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगायचे. बाबा कधी हसले नाहीत.

पुढं आज्जांनी उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरी धरली. जास्त पैसे मिळत असूनही रात्रपाळी कधी घेतली नाही. रात्री घरात असायचंच, हा नियम. शाळेच्या पालकसभेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे. तरी दोघांचं बोलणं "जेवलास काय?" "हं" यापुढं कधी गेलं नाही. "गल्लीला मिळाले, आम्हाला उरले," असं बाबा एकदा आईजवळ बोललेले मी ऐकलंय.

2014 ला विक्रांत भंगारात निघाली, तेव्हा आज्जा दोन दिवस कट्ट्यावर गेले नाहीत. 2016 मध्ये तिच्या लोखंडाचा अंश असलेली बजाजची मोटारसायकल आली आणि गल्लीतल्या एकानं ती घेतली. आज्जा रोज येता-जाता तिच्या टाकीवर थाप मारायचे. "काय गं, बरी आहेस न्हवं?"

गेल्या वर्षी फुप्फुसानं दगा दिला. तोंडावर मास्क आला आणि गल्लीतला सगळ्यांत मोठा आवाज बंद झाला. बाबा तीन रात्री उशाशी बसून होते. चौथ्या रात्री आज्जांनी स्वतःच्या छातीवर दोनदा बोटं आपटली आणि एक बोट वर केलं. छातीत दुखतंय असं वाटून बाबा नर्सला बोलवायला उठले. मी त्यांचा हात धरला. लहानपणी खेळ म्हणून आज्जांनी मला त्या सगळ्या खुणा शिकवल्या होत्या. वॉच बदलताना खाली उतरलेला माणूस ही खूण करायचा.

"बाबा, ते म्हणताहेत, 'मी आलोय. तू वर जा.' तुम्हाला झोपायला जा म्हणताहेत."

बाबा परत खुर्चीवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आज्जांकडं बघत आपल्या छातीवर दोनदा बोटं आपटली आणि एक बोट वर केलं.

आज्जांनी तळहात आडवा धरला. म्हणजे सगळं ठीक आहे, असंच राहू दे.

दोन दिवसांनी ते गेले. तेराव्याला मांडव पुरला नाही. बसचे दोन कंडक्टर आले होते, त्यांची नावं आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. बाबा दारात उभे राहून एकेकाला विचारत होते, "तुमची आणि त्यांची ओळख कशी हो?" आणि प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेत होते.

परवा कॉलेजला येताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठली गं बाळ तू?" मी इअरफोन काढले आणि सांगायला लागले.